जानापावचा डोंगर, आडवाटेने

इंदूर शहराच्या नैऋत्येस, महू ओलांडून मानपूरच्या बाजूस गेले की मालव्याचे सपाट पठार संपत येते आणि विंध्याची धार सुरू होते. या धारेवर जानापाव नावाचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ८५४ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल; कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, आणि तिच्या परिसरात एवढ्याशा उंचवट्याचे नावही कोणी विचारीत नाही. पण मालव्यात डोंगर म्हणावेत असे उंचवटेच थोडे. त्यांत ८८१ मीटरांच्या सिगारखालोखाल जानापावचा मान आहे. इंदूर स्वतःच साडेपाचशे मीटरांवर वसलेले असल्यामुळे प्रत्यक्ष चढाई अडीचशे-तीनशे मीटरांपेक्षा अधिक होत नाही.

जमदग्नी ऋषींचा आश्रम आणि परशुरामाचे जन्मस्थान म्हणून हा डोंगर प्रसिद्ध आहे. माथ्यावर देऊळ आहे, कुंड आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेस तेथे मोठी जत्रा भरते. चिपळूणजवळच्या परशुरामाला नवस बोलणाऱ्या कोकणातील कुटुंबांचे कित्येक वंशज होळकरांच्या काळापासून इंदुरात राहिले आहेत. त्यांना येथे आपल्याच कुलकथेचा पहिला अध्याय सापडल्यासारखे वाटते. आता देवळापर्यंत मोटार जाते. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणास घरी परतू शकते.

असे असताना दरवर्षी हिवाळ्यात चार-पाच मित्रांच्या टोळ्या सडक सोडून रानातून या डोंगरावर का चढतात, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो अगदीच चुकीचा नाही. वाट म्हणजे मागे होऊन गेलेल्या हजारो पावलांनी घेतलेले निर्णय होत. कोठे वळावे, कोठे ओढा ओलांडावा, कोणता कडा टाळावा, हे सर्व तिने आधीच ठरवून ठेवलेले असते. ती सोडली की हे सारे निर्णय चालणाऱ्याच्या पदरी पडतात. मजा जी काय आहे ती यातच आहे, आणि धोकाही यातच आहे. अडीचशे मीटरांच्या डोंगरावर कोणी हिमकड्यावरून कोसळत नाही; पण अंधार, मुरगळलेला पाय आणि चुकलेली उतरण एवढी तीन कारणे तेथेही पुरेशी होतात.

निघण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी लागते. महू ही जुनी छावणी असून तिच्या आसपासच्या रानात सैन्याची गोळीबाराच्या सरावाची क्षेत्रे आहेत. रानात चुकून शिरलेल्या माणसाला तेथे न फुटलेला गोळा आढळू शकतो, आणि तशा वस्तूला हात लावण्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते. म्हणून कोणता भाग वर्ज्य आहे हे पायथ्याच्या गावात विचारून, आणि वनखात्याची परवानगी जेथे लागते तेथे ती घेऊनच पाऊल टाकावयाचे असते. या जंगलात बिबट्याचा वावर आहे. २०२३ साली महूच्या परिसरात वाघही दिसला होता. ही जनावरे दिवसाढवळ्या बोलत चालणाऱ्या टोळीच्या वाटेस सहसा जात नाहीत, तथापि पहाट आणि तिन्हीसांज या दोन वेळा त्यांच्या आहेत हे लक्षात ठेवलेले बरे.

डोंगराची घडण समजली की चढण्याचे निम्मे काम होते. जानापाव हा सह्याद्रीचाच सख्खा भाऊबंद आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचे कातळ बनले. त्याच पसाऱ्याची उत्तरेकडील बाजू म्हणजे मालवा. या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. नाव अगदी समर्पक आहे. लाव्ह्याच्या प्रत्येक थरात टणक काळा पाषाण आणि पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ दगड असे दोन भाग असतात. ठिसूळ भाग झिजून त्याचा उतार होतो, टणक भाग उभा राहून त्याचा लहानसा कडा होतो. त्यामुळे चढणाऱ्याला एक सरळ उतार कधीच लाभत नाही. गवताळ उतार, मग पुरुषभर किंवा दोन पुरुष उंचीचा कातळपट्टा, मग पुन्हा सपाटी, असा क्रम माथ्यापर्यंत चालतो.

या कातळपट्ट्यांतच नवखे अडकतात. खालून पट्टा अखंड दिसतो, म्हणून ते जेथे पोहोचले तेथूनच खडकाला भिडतात. जाणता मनुष्य तसे करीत नाही. तो पट्ट्याच्या पायथ्याने आडवा चालत राहतो, कारण कोठे ना कोठे दगड ढासळून खिंड पडलेली असतेच. बहुधा तेथे एखादे झाड मुळे रोवून उभे असते आणि गुरांच्या शेणाचा माग दिसतो. पन्नास-शंभर पावलांचा हा वळसा अर्ध्या तासाची झटापट वाचवितो. जो खडक चढता येईल पण उतरता येणार नाही तो चढूच नये, हा जुना नियमही येथे पाळावयाचा असतो. वर जाताना डोळे हातापायांच्या पुढे असतात. उतरताना पाय आधी जातात आणि डोळ्यांना काही दिसत नाही.

आता हिवाळाच का? श्रावण-भाद्रपदात हा सारा प्रदेश हिरवा आणि फार सुंदर असतो, पण तेव्हा कमरेइतक्या गवतात पायाखालचा दगड दिसत नाही, काळी माती बुटाला चिकटून पाय मणाचे होतात आणि ओढे अवचित भरतात. चैत्र-वैशाखात पाणी नाही आणि कातळ तव्यासारखा तापतो. मार्गशीर्ष-पौषात गवत वाळून पिवळे पडलेले असते, सालई आणि धावडा यांची पाने झडू लागलेली असतात, सागाची मोठाली पाने तांबूस होऊन गळण्याच्या बेतात असतात, आणि झाडांच्या फांद्यांतून डोंगराचा सांगाडा प्रथमच दिसू लागतो. सोंड कोठे उतरते, ओढा कोठे वळतो, हे पावसाळ्यात नकाशावरच वाचावे लागते. पौषात ते डोळ्यांनी वाचता येते.

पण हिवाळ्याचेही काही कर असतात. पहिला कर कुसळांचा. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहणारा मनुष्य मराठीत प्रसिद्ध आहे. हे कुसळ प्रत्यक्षात काय चीज आहे ते अशा दिवशी कळते. कुसळी गवताच्या पिकलेल्या बीजाला एका बाजूस टोकदार काटा आणि दुसऱ्या बाजूस दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी असते. हवेत ओलावा आला की शेपटीचा पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की तो पुन्हा घट्ट होतो. या फिरण्याने बीज गिरमिटासारखे जमिनीत शिरते. निसर्गाची योजना मातीसाठी आहे, परंतु लोकरी पायमोजा आणि माती यांत कुसळाला भेद कळत नाही. घामाने ओले, वाऱ्याने कोरडे, असे होत होत ते कातडीपर्यंत पोहोचते. घट्ट विणीच्या जाड कापडाची विजार आणि तिच्यावर पायाला गुंडाळलेली पट्टी हाच काय तो उपाय.

दुसरा कर घसरण्याचा. वाळलेले गवत उतारावर आडवे पडले की त्याची चटई होते, आणि गळलेल्या पानांखाली सुटे गोटे असतात. पावसाळ्याच्या चिखलाला जो भितो तो या कोरड्या उताराला भीत नाही, आणि म्हणूनच अधिक घसरतो. सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून जाताना माणसांनी एकामागे एक न राहता तिरके राहावे लागते; वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येऊ नये एवढाच त्यात हेतू.

तिसरा कर सर्वांत मोठा. तो दिवसाच्या लहानपणाचा. डिसेंबरच्या शेवटी इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आसपास मावळतो. म्हणजे प्रकाश पावणेअकरा तासांचाच. सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाशही या अक्षांशावर पंचवीस-एक मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, आणि ओढ्याच्या घळीत तर काळोख त्याही आधी येऊन बसतो.

म्हणून अशा सहलीचा खरा नकाशा घड्याळात असतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला. दर तीन मैलांस एक तास, आणि त्याशिवाय दर दोन हजार फूट चढाईस आणखी एक तास. आजच्या मापात पाच किलोमीटरांस एक तास आणि सहाशे मीटर चढाईस एक तास. पाच किलोमीटर चाल आणि तीनशे मीटर चढ असेल तर दीड तास. पण हा हिशेब मळलेल्या वाटेचा आणि धडधाकट चालणाऱ्याचा आहे. रानातून, काटेरी घाणेरी चुकवीत, कातळाच्या खिंडी शोधीत जावयाचे तर तो दुप्पट धरावा. म्हणजे तीन तास. त्यात चार मित्र म्हणजे चार वेळा थांबणे, एकाची बुटाची नाडी, दुसऱ्याचे छायाचित्र, तिसऱ्याचा पक्षी. साडेआठला पायथा सोडला तर माथा साडेबाराच्या सुमारास येतो. दीडला उतरावयास लागले तर साडेचारला खाली. सूर्यास्तापूर्वी सव्वा तास हाती राहिला, आणि तो राहिलाच पाहिजे; कारण एखाद्याचा घोटा मुरगळला की उतरण्याचा वेळ सहज दीडपट होतो.

इंदूरच्या मंडळींचा हिशेब बहुधा पायथ्याच्या आधीच चुकतो. पोह्यांची दुसरी बशी, जिलेबीचा घाणा उतरण्याची वाट, आणि साडेआठचे दहा होतात. दहाला निघालेली टोळी दोनला माथ्यावर आणि तीनला उतरणीवर असते. ती खाली पोहोचते तेव्हा सूर्य मावळून गेलेला असतो. एवढा एक न्याहारीचा दीड तास संपूर्ण दिवसाची सुरक्षितता खाऊन टाकतो. यासाठी परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी, आणि ती माथ्याशी नव्हे, घड्याळाशी बांधलेली असावी. दीड वाजला की तोंड फिरवावयाचे, मग देवळाचा कळस पन्नास पावलांवर का दिसेना. मित्रांच्या टोळीत हा नियम पाळणे अवघड जाते, कारण प्रत्येकाला वाटते की आपल्यामुळे बाकीच्यांचा विरस होऊ नये. सर्वांत दमलेला मनुष्यच सर्वांत उशिरा तसे बोलतो. म्हणून जाणत्या टोळ्या सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घालतात. मागे असला तर तो धापा टाकीत पोहोचतो तोवर विश्रांती घेतलेले बाकीचे उठलेले असतात, आणि दिवसभर विश्रांती त्याच्याच वाट्याला येत नाही.

दिशा ओळखण्यास हिवाळ्याचा सूर्य चांगला साथीदार आहे. डिसेंबरअखेरीस तो दिवसभर दक्षिणेकडेच कललेला राहतो. इंदूरचा खरा मध्यान्ह घड्याळात बाराला येत नाही, कारण भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि इंदूर त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. तो सुमारे बारा वाजून पंचवीस मिनिटांनी येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली बरोबर उत्तरेस पडते, आणि तिची लांबी जवळजवळ काठीएवढीच असते. ज्येष्ठात हीच काठी सावलीच टाकीत नाही, कारण सूर्य डोक्यावर असतो. त्यामुळे घड्याळाच्या काट्यावरून दक्षिण ओळखण्याची युक्ती येथे हिवाळ्यात चालते, उन्हाळ्यात फसते.

दुसरी एक युक्ती मात्र परदेशी पुस्तकांतून जशीच्या तशी उचलली जाते आणि ती घातक आहे. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांमध्ये बोटे धरावीत; प्रत्येक बोटास पंधरा मिनिटे, चार बोटांस एक तास, असे सांगतात. युरोपात हिवाळ्याचा सूर्य क्षितिजाशी फार तिरका होऊन रेंगाळत मावळतो, तेथे हे ठीक आहे. मालव्यात तो बराच सरळ खाली येतो. येथे एका बोटास नऊ-दहा मिनिटांच्या वर धरू नये. चार बोटे म्हणजे चाळीस मिनिटेच. पुस्तकावर विसंबलेल्या माणसाचा दर तासामागे वीस मिनिटांचा प्रकाश असा चोरीस जातो.

चढताना वाट चुकणे कठीण असते आणि उतरताना फार सोपे, हे ऐकून नवख्याला नवल वाटते. कारण भूमितीचे आहे. डोंगराच्या साऱ्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात. कोणतीही धरली तरी वर जाणारा शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतो; चूक आपोआप सुधारत जाते. उतरताना त्याच सोंडा फाटत जातात आणि चूक वाढत जाते. माथ्यावर चाळीस अंशांच्या कोनात सुटलेल्या दोन सोंडा दोन किलोमीटर खाली गेल्यावर एकमेकींपासून जवळजवळ दीड किलोमीटर दूर झालेल्या असतात, आणि मध्ये घळ असते. म्हणून चढताना दर काही वेळाने मागे वळून पाहावयाचे असते. परतीच्या वेळी जे दृश्य समोर असेल ते आताच पाहून ठेवावे. एकच झाड खालून आणि वरून पाहिल्यास दोन निराळी झाडे वाटतात.

जानापाववर ही चूक इतर डोंगरांपेक्षा महाग पडते. हा डोंगर पाणलोटाच्या दुभाजकावर उभा आहे. चंबळ याच्याच कुशीत उगम पावते. तिचे संस्कृत नाव चर्मण्वती, आणि कालिदासाच्या मेघाला ‘मेघदूता’त तीच ओलांडावी लागते. उत्तरेच्या अंगास पडलेले पाणी चंबळीतून सुमारे ९६० किलोमीटर वाहत यमुनेस मिळते आणि गंगेतून बंगालच्या उपसागरास जाते. दक्षिणेच्या अंगास पडलेले पाणी कारमसारख्या लहान नद्यांतून झपाट्याने निमाडात उतरते, नर्मदेस मिळते आणि अरबी समुद्रास जाते. माथ्यावर शेजारी पडलेले दोन थेंब असे भारताच्या दोन टोकांना पोहोचतात. माणसाचेही तसेच होते. उत्तरेचा उतार मालव्याच्या पठारात सौम्यपणे मिसळतो. दक्षिणेचा विंध्याच्या कड्यांवरून तुटत खाली जातो. धुकट संध्याकाळी चुकीच्या बाजूची सोंड धरलेली टोळी उतरण लांबत चालली, रान दाट होत चालले, असे म्हणत म्हणत भलत्याच खोऱ्यात जाते, आणि तिची गाडी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उभी असते.

अशा वेळी सुचणारा पहिला उपाय ओढ्यात उतरण्याचा. पाणी खालीच जाणार आणि खाली गाव असणार, हा तर्क सरळ दिसतो. परंतु वर सांगितलेला जिना येथे आठवावा. ओढा प्रत्येक कातळपट्ट्यावरून उडी घेत जातो. पौषात त्यात पाणी नसते, त्यामुळे धबधब्याचा आवाजही सावध करीत नाही. मनुष्य कोरड्या घळीतून सोयीने उतरत जातो आणि अचानक पायाखाली दहा मीटरांचा तुटलेला कडा येतो. तोवर मागचे दोन लहान कातळ तो बसून, घसरून उतरलेला असतो आणि ते पुन्हा चढणे दमल्या पायांना जमत नाही. पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही. चुकलेल्या माणसाने सोंडेवर राहावे. तेथून निदान दिसते, हाक ऐकू जाते आणि भ्रमणध्वनीला संदेश मिळण्याचा संभव असतो. शक्य असेल तर पुन्हा माथ्यावरच जावे. वर जाणाऱ्या साऱ्या वाटा एकत्र होतात, आणि जानापावच्या माथ्यावर देऊळ आहे, दिवा आहे, सडक आहे. ज्या सडकेला सकाळी नाके मुरडली तिच्यावरून अंधारात खाली येण्यात कमीपणा मानू नये.

ढोरवाटांचा मोहही असाच. गुरांच्या खुरांनी पडलेल्या या रेघा फार मोहक असतात, पण गुरांना माथ्यावर जावयाचे नसते. ती गवतासाठी उताराला आडवी फिरतात, एकाच उंचीने. जोवर ढोरवाट हव्या त्या दिशेने जाते तोवर तिचा उपकार घ्यावा आणि ती वळली की तिला नमस्कार करावा. गुराखी भेटला तर त्याला अवश्य विचारावे. मात्र त्याच्या ‘बस, पाच मिनिटां’ची किमान वीस मिनिटे धरावीत.

थंडीचा विचार बहुतेकजण सकाळी करतात. तो संध्याकाळसाठी करावयाचा असतो. सकाळी पारा दहा अंशांच्या आसपास असला तरी चढाई सुरू होताच अंगरखे उतरू लागतात. रात्री थंड झालेली जड हवा खोलगट भागात साचते, त्यामुळे पहाटे पायथ्याच्या नाल्यात जो कडाका असतो तो शंभर मीटर वर गेल्यावर उणावलेला आढळतो. खरी अडचण उतरताना होते. दिवसभराचा घाम कपड्यांत मुरलेला, सूर्य गेलेला, कोरडी निरभ्र हवा जमिनीची ऊब वेगाने आकाशाकडे सोडीत असलेली, आणि मुरगळलेल्या पायाच्या मित्रासाठी थांबावे लागलेले. चालणाऱ्याला जी थंडी जाणवत नाही ती बसलेल्याला अर्ध्या तासात कुडकुडविते. प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरडा सदरा, एक लोकरी बंडी, एक विजेरी आणि दोन लिटर पाणी असेल तर हीच परिस्थिती गैरसोयीपलीकडे जात नाही. शेकोटीचा विचार मात्र करू नये; वाळलेल्या रानात एक ठिणगी पुरते.

सर्व हिशेब जमला, दीडला तोंड फिरविले, योग्य सोंड सापडली, तर चारच्या उन्हात ही मंडळी पायथ्याच्या शेतांत उतरतात. गव्हाची हिरवी रोपे गुडघ्यापर्यंत आलेली असतात, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, आणि बांधावर बसून बूट काढले की मागे सोनेरी झालेला सबंध डोंगर दिसतो. आपण नेमके कोठून गेलो यावर तेथे वाद होतो आणि तो महूच्या चहापर्यंत टिकतो. पायमोज्यांतील कुसळे वेचण्याचे काम मंगळवारपर्यंत पुरते.